टाळी

मुलांचे स्नायू झिजवणाऱ्या एका दुर्मीळ आजारापायी लॉरेननं पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं घातली होती. वॉशिंग्टनच्या संसदीय समितीनं या संशोधनाचा सरकारी निधी बंद केला आणि आज सगळे खोकी भरत बसले होते.

"पुढाऱ्याच्या घरात पेशंट निघाल्याशिवाय पैसा सुटत नाही बघ," खोकं बांधता बांधता डेल कुरकुरला. मग टीव्हीकडे बघून म्हणाला, "अगं, समितीचा अध्यक्ष रडतोय!"

"आपला गळा कापून झाला, आता कशाला रडतोय मेला?" लॉरेन म्हणाली.

अध्यक्षाच्या चार वर्षांच्या नातीला तोच आजार निघाला होता.

खोलीत टाळी वाजली.

एवढं निर्दयी कोण, म्हणून लॉरेन संतापून वळली.

सगळे तिच्याच हातांकडे बघत होते.