पळू दे

"आलं... आलं... गेलं," काचेमागून टेक्निशियन म्हणाला. हे तिसऱ्यांदा.

डॉक्टर शिवगंगा स्वामींनी पडद्याकडे पाहिलं. मघाशी मिनिटाला एकशे नव्वदने धावणारं पंचफुलाचं काळीज ऐंशीवर येऊन गुणी लेकरासारखं बसलं होतं. एरवी कुठल्याही डॉक्टरला बरं वाटलं असतं. पण आज त्यांना ते पळायला हवं होतं. जांघेतल्या शिरेतून आत सरकवलेल्या तारांनी त्या मुद्दाम त्याला डिवचत होत्या. आतली वीज कुठल्या चोरवाटेने फिरते, ते काळीज पळतानाच दिसतं. ती जागा सापडली की तारेच्या टोकाने डागायची. जन्माचं दुखणं तिथंच संपतं. पण चोर पळालाच नाही तर वाट दिसायची कशी? आणि ही वाट दाखवणारं मशीन महिन्यातून एकदाच लातूरला यायचं. संध्याकाळी ते परत जाणार होतं.

"आणखी एकदा," डॉक्टर म्हणाल्या, आणि या वेळी पडद्याऐवजी पंचफुलाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

पंचफुला जागी होती. जांघ तेवढी बधिर केलेली. धडधड सुरू झाली तसे तिने डोळे मिटले, ओठ आवळले आणि श्वास कोंडून पोटावर असा जोर दिला की मानेच्या शिरा फुगल्या.

"गेलं," टेक्निशियन म्हणाला.

"मावशी, तुम्हीच थांबवताय होय ते?"

पंचफुला चोरी पकडल्यासारखी ओशाळली. "हाव. दाबलं की बसतंय."

"कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई, बाई. आधी मालक गार पाण्याची बादली आणायचे. तिच्यात तोंड बुडवलं की बसायचं. पर आता टँकर आठ दिसाला येतंय. तोंड बुडवलेलं पाणी मंग पेणार कोण? म्हून दाबायला शिकले. मालकाला सांगितलं, दुखणं गेलं."

"किती दिवस झाले?"

"दोन सालं."

गेल्या महिन्यात नाल्याच्या कामावर ती डोक्यावरच्या टोपल्यासकट पडली नसती, तर तिसरं सालही तिने असंच दाबून काढलं असतं. डॉक्टर जी युक्ती रोग्यांना चार-चारदा समजावून सांगतात, ती या बाईला पाण्याच्या टंचाईने शिकवली होती.

"आज दाबू नका. आज पळू द्या त्याला."

"बरं," पंचफुला म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. पण तारेने डिवचलं, काळीज उधळलं आणि श्वास आपला आपण कोंडला गेला.

"म्या न्हाई केलं, बाई. आपोआपच व्हायलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला लई भ्याव वाटतंय. न्हाईच थांबलं तर?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "यांच्यासोबत कोण आहे?"

"नवरा आहे," सिस्टर हसू दाबत म्हणाली. "सकाळपासून पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसलाय. वर ओलं गोणपाट गुंडाळलेलं. म्हटलं, बाबा, दवाखान्यात पाणी आहे. तर म्हणतो, ते गार नसतंय."

डॉक्टर हसल्या नाहीत. "बोलवा त्यांना काचेमागं. कॅन घेऊनच."

रामकिशन आला. चपला त्याने दाराबाहेरच काढल्या होत्या. टेक्निशियनने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बायकोने दोन वर्षं काय लपवलं, ते त्याला असं परक्याच्या तोंडून कळलं. तो काचेपलीकडे आडव्या पडलेल्या पंचफुलाकडे नुसता बघत राहिला.

टेक्निशियनने माइक पुढे केला. रामकिशन त्यात शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा ओरडला.

"आगं ए! दाबू नकू! पळू दे त्येला! म्या पाणी आणलंय. गार हाय!"

पंचफुलाने मान वळवली. कॅन तिला दिसेना. ते ध्यानात येऊन रामकिशनने तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला.

"चालू करा," डॉक्टर म्हणाल्या.

काळीज उधळलं. एकशे ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. पंचफुलाने चादर मुठीत धरली, पण तोंड उघडं ठेवलं आणि श्वास येऊ दिला, जाऊ दिला. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. नजर मात्र त्या कॅनवरून हलली नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. रामकिशनचे हात थरथरायला लागले. सिस्टरने कॅनला हात लावला तर तो नको म्हणाला.

"सापडली," डॉक्टर म्हणाल्या.

डागून झाल्यावर त्यांनी पुन्हा दहा वेळा डिवचून पाहिलं. काळीज जागचं हललं नाही. तेव्हा कुठे रामकिशनने हात खाली घेतले.

संध्याकाळी वॉर्डात पंचफुला उताणी पडून होती. उजवा पाय हलवायचा नव्हता. रामकिशनने कॅनचं झाकण उघडलं, उपरण्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि तिच्या कपाळावर ठेवलं. मग गालावर. मग मानेवर.

"आवं, आता पळत न्हाई ते. काहून नासायलाव पाणी?"

रामकिशनने टोक पुन्हा पाण्यात बुडवलं.

"दोन सालाचं ऱ्हायलंय," तो म्हणाला.