आता अदलाबदल

संवादकौशल्याच्या तासाला मॅडमनी खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायला लावल्या. "एकानं मनातलं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं 'हं' म्हणायचं. सल्ला नको, सांत्वन नको. आणि मागे वळून बघाल तर खबरदार!"

मॅडमच्या यादीत माझ्या जोडीला चिमणी होती, वर्गातली सगळ्यात बडबडी. मी बसले. मागची खुर्ची करकरली, पाठीला पाठ टेकली. दोन वर्षं कुणालाच न सांगितलेलं मी बोलून टाकलं.

"दादा गेला ना, त्या दुपारी त्याचा फोन आला होता. आमचं भांडण झालेलं. मी कट केला. तीनदा."

"हं."

"उचलला असता, तर बोलायला त्यानं गाडी बाजूला घेतली असती गं."

"हं."

चिमणीला इतकं छान ऐकता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. धापा टाकत चिमणी आत आली. "सॉरी मॅडम, बस चुकली."

मॅडमनी टाळी वाजवली. "चला, आता अदलाबदल! ज्यांनी ऐकलं, त्यांनी बोलायचं."

माझ्या मागे कुणीतरी घसा खाकरला.

"आता तरी कट करू नकोस."