डुकरांना बघायला पाहुणे

"मावशी, ह्यांचं काही बिनसलंय का हो?"

डुकरांकडे बघत डॉक्टरांनी फिलूमावशीला विचारलं. तिची डुकरं सुखात आहेत की नाहीत, ते तपासायला डॉक्टर पेठकर आले होते. त्यांनी पास केलं तरच शहरातली कंपनी तिचा माल घेणार होती. म्हणून तर लग्नाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असावेत, तशी तयारी झाली होती. मावशीनं डुकरांना शॅम्पूनं न्हाऊ घातलं, पावडर फासली. तिच्या नवऱ्यानं, बस्त्यावनं, त्यांचा चिखलाचा खड्डा फळ्यांनी झाकून वर सतरंजी अंथरली. आणि आता ही गोरीगुलाबी मंडळी भिंतीकडे तोंड करून, शेपट्या पाडून, सुतकात असल्यासारखी उभी!

"दुःखी आहेत बिचारी. नापासच करावं लागणार," डॉक्टर म्हणाले. "ह्यांचा चिखल कुठाय?"

"अग्गोबाई! एवढे मोठे साहेब येणार, आणि चिखल दाखवू?"

"इथं राहायचंय कुणाला, त्यांना की मला? कुठाय?"

"तुम्ही उभे आहात, त्याच्याच खाली," बस्त्याव पुटपुटला.

डॉक्टर दचकून मागे सरकले, कडकन फळी मोडली आणि साहेब कमरेपर्यंत चिखलात गेले. तो ओळखीचा छपाक आवाज ऐकताच सगळी डुकरं गर्रकन वळली. शेपट्यांच्या जिलब्या झाल्या, आणि चीत्कार करत सगळी वरातच खड्ड्यात उतरली. मावशीनं डोळे गच्च मिटले.

चिखलातून खो-खो हसू आलं.

"पास! सगळी पास!"

बस्त्याव हात द्यायला धावला.

"थांबा हो," सगळ्यात जाड डुकरिणीचा कान खाजवत डॉक्टर म्हणाले, "आत्ता कुठं तपासणीला रंग चढलाय!"