खटक्यानंतर

बहिणीने दादाच्या गाडीतून काढलेल्या काळ्या डब्याचा तळ करवतीने कापला आणि आतला कोळसा ट्रेमध्ये उपडा केला. कोरडा असता तर दाणे खडखडत पडले असते. हा लगदा होऊन थपकन पडला आणि गॅरेजभर पेट्रोलचा वास सुटला.

"दीड वर्षात तिसऱ्यांदा, दादा," ती म्हणाली.

दादा दारातल्या स्टुलावर बसला होता. "हल्ली कोळसाच हलका येत असेल," तो म्हणाला.

"कोळशाला काय धाड भरलीये? मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून आणते, टाकीतलं पाणी गाळायचा. माशांची काही तक्रार नाही."

या काळ्या डब्याचं काम तसं साधं. टाकीत पेट्रोलची वाफ होते, ती कोळशाने धरून ठेवायची आणि गाडी चालू झाली की इंजिनच्या हवाली करायची. वाफ त्याला झेपते, पेट्रोल झेपत नाही. टाकी भरली की पंपाची नळी खट् करून आपोआप बंद होते. त्यानंतरही जो रेटून भरतो, त्याचं पेट्रोल थेट या डब्यात शिरतं. मग गाडी खोकत खोकत सुरू होते, आणि एखादी ठिणगी पडली तर सगळाच कारभार आटोपतो. गाडी इतकी म्हातारी की नवा डबा कुठे मिळत नाही. दर वेळी हाच कापायचा, भरायचा आणि चिकटवायचा.

"खट् झाल्यावर अजून भरायला लावतोस ना?"

"छे!"

"मी पंपावर विचारून आलेय."

दादाने चष्मा काढून पुसायला घेतला. "दोन लिटर. फार तर तीन."

का, ते तिला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी दादा आईला दवाखान्यात नेत असताना हीच गाडी पेट्रोल संपून पुलावर बंद पडली होती. मागच्या सीटवर, वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून, आई तिथेच गेली. तेव्हापासून दादाच्या टाकीचा काटा अर्ध्याखाली आलेला कुणी पाहिला नव्हता. घरातले सगळे यावरून त्याची टर उडवत. ती मात्र त्यात कधी नसे. कारण आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी तिने नेली होती. काटा तळाला टेकलेला तिने पाहिला होता, आणि सकाळी भरू म्हणून गाडी तशीच दारात लावली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर दादा आपल्यापासून तुटेल, याची तिला भीती होती. आता न सांगावं, तर स्वतःलाच दोष देत हा माणूस असाच रेटून भरत राहील आणि एक दिवस वहिनीसकट गाडीत जळून जाईल, याचीही भीती होती.

तिने नवा स्पंज बसवला, नवा कोळसा ओतला, कडेने टिचक्या मारून तो दाबून घेतला. वर जाळी, स्प्रिंग, मग झाकण म्हणून तो कापलेला तळ. दोन नळ्यांतला गोंद कालवून कडेला लावला.

"ये, धर इकडून. आतली स्प्रिंग झाकण उडवते. पाच मिनिटं हलायचं नाही."

दादा आला. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं, मध्ये डबा, वर चार हात. इतक्या जवळून तिने त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"दादा, आई गेली त्याच्या आदल्या दिवशी गाडी मी नेली होती. टाकी मीच रिकामी केली. काटा पाहिला होता मी, तरी भरलं नाही."

झाकण तिच्या बाजूने जरा उचललं गेलं. दादाने आपला एक हात तिच्या हातावर ठेवून ते पुन्हा खाली दाबलं.

"नीट धर," तो म्हणाला. कडेला ओघळलेला गोंद त्याने अंगठ्याने पुसला.

"काटा मीही पाहिला होता, छकुले. वाटेत पंपही लागला होता. म्हटलं, पोचू."