भरीचे शब्द

तूबा. एकतीस वेळा.

तस्नीमने पेन्सिल टेकवत पुन्हा मोजलं. अब्बांच्या आख्यानात चाळीस कडवी. त्यांत एकतीस वेळा थोरली बहीण. तस्नीम? एकदाही नाही.

गोष्ट खरी होती. पुराच्या वर्षी सतरा वर्षांच्या तूबाने होडी वल्हवत अकरा माणसं बाहेर काढली होती. आता ती परदेशात, दोह्यात. ईदला फोन. कामोठ्याच्या या फ्लॅटमध्ये अब्बांच्या डोळ्यांत थेंब घालायला तस्नीम. त्यांना दिसेनासं झाल्यावर चाळीसही कडवी त्यांनी सांगितली, हिने उतरवली. आता पुस्तक निघणार होतं. छंदाचं विवेचनही हिनेच लिहायचं. कॉलेजात ती तेच शिकवते ना!

यमक. तूबा–उभा. तूबा–शोभा. ब ला भ! विद्यार्थ्याने केलं असतं तर तिने वही परत दिली असती.

मात्रा.

खाडीवरती तूबा गेली

सोळा. चोख. पण अब्बांची ओळ तिथे थांबत नव्हती.

खाडीवरती तूबा गेली, ऐक गं

पाच मात्रा जास्त. दर कडव्याच्या शेवटी. अर्थ नाही, गरज नाही. नुसती भर. सापडला एकदाचा दोष! तिला फार बरं वाटलं.

मग तिने त्या जागी स्वतःचं नाव घालून पाहिलं. गुरू, गुरू, लघू. पाच. बसत होतं. म्हणजे जागा होती. अब्बांनी दिली नव्हती.

तिने चाळीसही ठिकाणी काट मारली आणि वही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"अब्बा, जरा साफ केलंय. बघा कसं वाटतं."

ती वाचू लागली. अब्बा गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होते. दर कडव्याच्या शेवटी बोटं हवेतच राहत होती.

"शेवटचं 'ऐक गं' कुठं गेलं?"

"काढलं. फालतू होतं. टेन्शन घेऊ नका, तुमच्या तूबाला हात लावला नाय. एकतीसच्या एकतीस आहेत."

"मोजलंस?"

"मोजलं. माझं एकदा पण नाय."

अब्बा आवाजाच्या दिशेने वळले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

"तूबाला तर सगळं ठावकच हाय, बेटा. ते काढलंस, तर ही गोष्ट मी सांगत कुणाला होतो?"