विलायती आणि घरचा

रेडिओ बंद होता, आणि तरीही गुणवंतरावांच्या कानात कोणीतरी भात ढवळत होतं.

त्यांनी बटण पुन्हा चाचपून पाहिलं. बंदच. नागपूर केंद्राची सकाळची गाणी संपताच बॅटरी वाचावी म्हणून त्यांनीच ते फिरवलं होतं. डोक्यावरचा विलायती हेडफोन तेवढा काढायचा राहिला होता. त्यातून भाताच्या गंजाला घासणारी पळी अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

जरा वेळानं उलगडा झाला आणि ते एकटेच हसले. दोन्ही हेडफोन एकाच वेळी पारखता यावेत म्हणून त्यांनी दोन्हींच्या वायरी रेडिओला एकाच जागी जोडल्या होत्या. घरी तयार केलेल्याची वायर लांब करून अंगणातून मागच्या चुलीपर्यंत नेली होती. बायकोनं, कमळानं, सकाळी तो ऐकला आणि तिथंच कोनाड्यात ठेवून दिला असणार. तिथला आवाज त्यातली चकती हलवत होता आणि वायरीवरून उलटा इकडं येत होता. आणि काय येत होता! भाताचा एकेक बुडबुडा मोजून घ्यावा.

विलायती हेडफोन रेंजर साहेबांचा, लढाईच्या भंगारातून घेतलेला. "असा एक घरी करून दाखवा, गुणवंतराव," साहेब गमतीनं म्हणाले होते आणि सारी कचेरी हसली होती. गोंडपिपरीच्या रेंज ऑफिसातला हा मुखदुर्बळ कारकून खरंच कामाला लागेल, असं कोणाला वाटलं होतं? त्यांनी एका मोडक्या हेडफोनला बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची चकती बसवली. कानाला टोचू नये म्हणून सावरीच्या कापसाच्या गाद्या शिवल्या. चकती लोहचुंबकाला चिकटत होती, म्हणून मधे आधी पोस्टकार्डाची कडी कापून घातली, मग लग्नपत्रिकेची, मग पतंगाच्या कागदाची. प्रत्येक फेरबदलानंतर ते तो कमळाच्या कानाला लावत आणि विचारत, "बिघडला की सुधारला?" ती सांगेल ते प्रमाण. आपल्या हातच्या वस्तूबद्दल आपल्या कानाचं काय खरं धरायचं?

आज दुपारी साहेब स्वतः दोन्ही ऐकायला येणार होते.

"बाई, हे मुळी उगाळ अन् दोन थेंब कानात घाल." हा बुधरीचा आवाज. जंगलातून पत्रावळीची पानं आणून देणारी बुधरी. ही एवढी ओरडून का बोलते आहे?

"कोणत्या कानात वं?"

"ज्यानं आयकू येत नाई, त्याच्यात!"

"मंग दोन्हीत घाला लागते," कमळा म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

गुणवंतरावही हसायला निघाले होते. तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"अन् ते डोक्याले बांधते ते? रोज तं गाणे आयकते तू."

"कायचे गाणे! निस्ती माशी गुणगुणल्यावानी होते. मी यायच्या तोंडाकडं पाहाते. भुवया वर गेल्या का मनते, सुधारला. डोळे बारीक झाले का मनते, बिघडला. यायलेबी पटते!"

"तं सांगून काऊन नाई देत?"

पळी थांबली.

"सांगू कशी? कचेरीत हासतेत यायले. मीबी नाई मनली, तं इचारतीन कोणाले? परवा दूध उतू गेलं तं मनले, बहिरी हायेस काय. मले वाटलं, समजलंच. पण नाई, आपले बोलाले बोलले."

ती आपल्या समजुतीनं कुजबुजत होती. शब्दन् शब्द वायरीवरून येत होता, खणखणीत.

गुणवंतरावांनी हेडफोन काढला. घर एकदम मुकं झालं. आपण जागचे उठलो, एका झटक्यात वायरी उपटल्या, अंगण ओलांडलं, यातलं काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. चुलीपुढं उभे राहिले तेव्हा बुधरी गेली होती आणि कमळा मुळीची पुडी घाईनं लुगड्याच्या ओच्यात खोचत होती.

तिनं त्यांना पाहिलं. एका हातात विलायती हेडफोन, दुसऱ्या मुठीत रेडिओतून उपटलेलं वायरीचं टोक. ती हसली. साहेब यायचे आहेत, अखेरची पारख राहिली असेल, असं तिला वाटलं असावं. काही न विचारता तिनं ओले हात पदराला पुसले, त्यांच्या हातातला विलायती घेऊन कानांना लावून पाहिला, उतरवला, कोनाड्यातला घरचा घेऊन डोक्यावर चढवला, सावरीच्या गाद्या कानांवर नीट बसवल्या, आणि मान वर करून रोजच्यासारखी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली.

वायरीचं उघडं टोक त्यांच्या मुठीत टोचत होतं. आपल्या तोंडाचं काय करावं, ते त्यांना कळेना.

चुलीवर भात करपायला लागला. कमळाची नजर त्यांच्या भुवयांवरून डोळ्यांवर आली, डोळ्यांवरून ओठांवर, पुन्हा भुवयांवर. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"आज," ती चाचरत म्हणाली, "आज दोनी सारकेच हायेत... नाई का?"