एक पत्ता, दोन धनी

कीबोर्डवर दाबेलीचा मसाला सांडला होता. कुंदाने नाक मुरडत तो पुसला. रक्तपेढीच्या संगणक विभागाचे प्रमुख खानविलकर बोटं चाटत म्हणाले, "बिघडलंय काय एवढं? दोन्ही सर्व्हर हिरवे दिसतायत की!"

दिसणारच. दोन सर्व्हरांना मिळून नेटवर्कवरचा पत्ता एकच; काउंटरवरून आलेली नोंद त्याच पत्त्यावर जायची. चालू असेल त्याने तो धरायचा, तो बंद पडला की दुसऱ्याने घ्यायचा, अशी रीत. पत्ता नसलेल्याचा ठिपका पडद्यावर लाल दिसायचा. पण आज ट्रस्टी यायचे होते, त्यांना पडद्यावर एकही ठिपका लाल दिसायला नको, म्हणून साहेबांनी सकाळी स्वतःच्या हाताने तोच पत्ता दोघांनाही देऊन टाकला होता.

"सर, एकाच हाकेला दोघं ओ देतायत. सकाळपासून निम्म्या नोंदी इथे, निम्म्या तिथे."

"मग एकावरच्या पुसून टाक ना! कोण बघतंय?"

कुंदाने दोन्हीकडच्या नोंदी शेजारीशेजारी उघडल्या. एकाच रक्तपिशवीपुढे इथे लिहिलं होतं, 'फेरतपासणीत कावीळ, देऊ नये'. तिथे तीच पिशवी अजून 'द्यायला तयार'.

तिने दोन्ही सर्व्हरांकडून पत्ता काढून घेतला. सगळे काउंटर ठप्प झाले. तिने खाली पिशव्या देणाऱ्या मुलीला फोन लावून पिशवीचा नंबर सांगितला. "दिलीस का गं ती?"

"देतच होते, ताई. हातात आहे."

"ठेव मागे. आज मी सांगेपर्यंत एकही पिशवी हलवू नकोस."

"खाली ट्रस्टी उभे आहेत!" खानविलकर किंचाळले. "आता त्यांना सांगू काय मी?"

"ते मीच सांगते," कुंदा उठली. "तुमच्या शेजारी बसायची किळस येतेय मला."